हृदयाच्या भिंतींतील दारें

वार्षिक क्रीडामहोत्सवाच्या दिवशीं शाळेच्या मैदानावर लेझमीचा मेळ उभा राहतो, तें दृश्य सर्वांच्या परिचयाचें आहे. हलगीवर ठोका पडतो आणि शंभर मुलांचे हात एकदम वर जातात, एकदम खालीं येतात. मेळाची सारी शोभा या ‘एकदम’ शब्दांत आहे. मागल्या रांगेंतील दहा मुलांना ठोका उशिरां कळला, तर तीं मुलें कितीहि उत्साही व बळकट असोत, मेळ बिघडतो. त्यांच्या हातांत जोर कमी असतो असें नाहीं. आज्ञा त्यांच्यापर्यंत वेळेवर पोंचलेली नसते, इतकेंच.

प्रत्येक मनुष्याच्या छातींत असाच एक मेळ जन्मभर चाललेला असतो. हृदय ही मुठीएवढी स्नायूंची पिशवी आहे. तिच्यांत आकुंचन पावणाऱ्या स्नायुपेशींची संख्या सुमारें दोन ते तीन अब्ज आहे. मिनिटास ७२ ठोके धरिले, तर एका दिवसांत १,०३,६८० वेळां या सर्व पेशींनीं ठरलेल्या क्रमानें आकुंचन पावावें लागतें. या मेळांत हलगीचा आवाज नाहीं, आणि पेशींना कान व डोळेहि नाहींत. मग एका पेशीला मिळालेली आज्ञा दुसरीला कळते तरी कशी? या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें खर्चावीं लागलीं. तें उत्तर थोडक्यांत असें आहे कीं, शेजारीं शेजारीं असणाऱ्या पेशींच्या भिंतींत अतिसूक्ष्म दारें आहेत, आणि आज्ञा त्या दारांतून घरोघर जाते. हीं दारें कशाचीं बनलेलीं आहेत, तीं केव्हां उघडीं असतात, केव्हां मिटतात, आणि त्यांत बिघाड झाला असतां मनुष्याच्या जिवावर कसें बेततें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम कोणी म्हणेल कीं, ही आज्ञा मेंदूकडून प्रत्येक पेशीला मिळत असेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून, योग्य प्रमाणांत क्षार घातलेल्या पाण्यांत ठेविलें, तर तें कांहीं काळ आपोआप धडधडत राहतें. १९६७ सालीं केप टाऊन येथें डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें, आणि तेव्हांपासून जगांत अशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत मेंदूकडून आलेले मज्जातंतु तोडावेच लागतात. तरीहि नव्या जागीं तें हृदय चालूं लागतें. मज्जातंतु हृदयाची गति वाढवितात किंवा कमी करितात, हें खरें. परीक्षेच्या दिवशीं छाती धडधडते ती कांहीं अंशीं त्यांच्यामुळेंच. परंतु मूळ ठोका हृदयाचा स्वतःचा आहे, आणि तो हृदयांतल्या हृदयांतच सर्वत्र पोंचतो.

त्याची वाट आतां पाहूं. हृदयाचे चार कप्पे आहेत. वरचे दोन लहान व पातळ भिंतींचे असून त्यांना कर्णिका म्हणतात. खालचे दोन मोठे व जाड भिंतींचे असून त्यांना जवनिका म्हणतात. हल्लींच्या पाठ्यपुस्तकांत यांनाच अलिंद व निलय अशीं नांवें आढळतात. कर्णिकांनीं रक्त जवनिकांत ढकलावें, आणि मग जवनिकांनीं तें फुप्फुसांकडे व सर्व शरीराकडे पाठवावें, असा क्रम आहे. उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागीं, जेथें वरच्या अंगाकडून रक्त आणणारी मोठी नीला तिला मिळते तेथें, पेशींची एक लहान गांठ आहे. तिला आपण आद्य गांठ म्हणूं. प्रत्येक ठोक्याचा उगम येथें होतो. येथून निघालेली विजेची लाट कर्णिकांवर पसरते. कर्णिका व जवनिका यांच्यामध्यें वीज जाऊं न देणारा तंतुमय पडदा असतो. त्यांतून पलीकडे जाण्यास निरोगी हृदयांत एकच वाट असते, आणि त्या वाटेच्या तोंडाशीं दुसरी एक गांठ आहे. तिला मधली गांठ म्हणूं. मधल्या गांठींतून निघालेला तंतूंचा जुडगा जवनिकांमधील पडद्यांतून खालीं उतरतो, त्याला फांद्या फुटतात, आणि शेवटीं बारीक तंतूंचें जाळें दोन्ही जवनिकांच्या आंतल्या अंगाला पसरतें.

या वाटेच्या शोधाचा इतिहास मोठा गमतीचा आहे, कारण तिचा शेवट आधीं सांपडला आणि आरंभ सर्वांच्या मागून. शेवटचें जाळें यान पर्किन्ये यांनीं १८३९ सालीं मेंढीच्या हृदयांत पाहिलें. जुडग्याचें वर्णन धाकटे विल्हेल्म हिस यांनीं १८९३ सालीं केलें. जर्मनींत मारबुर्ग येथें अभ्यास करणारे जपानी वैद्य सुनाओ तवारा यांनीं १९०६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मधली गांठ दाखवून दिली. आणि आद्य गांठ इंग्लंडांत आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनीं १९०७ सालीं जाहीर केली. फ्लॅक तेव्हां वैद्यकाचा विद्यार्थी होता, आणि ही गांठ त्यानें प्रथम पाहिली ती बिळांत राहणाऱ्या मोल नांवाच्या एका क्षुद्र प्राण्याच्या हृदयांत! शोधाला थोर वयाची किंवा थोर साधनांची नेहमींच अपेक्षा असते असें नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वाट सांपडली, तरी मूळ कोडें सुटलें नाहीं. वाट म्हणजे अखेर पेशींचीच रांग. मग एका पेशींतून दुसरींत लाट शिरते कशी? साध्या सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें असतां हृदयाचे स्नायुतंतु फांद्या फुटून एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. त्यामुळें पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती कीं, हृदयाच्या पेशींना निरनिराळ्या सीमाच नाहींत. सारें हृदय म्हणजे जणूं एकच विस्तीर्ण पेशी. असें असतें तर कोडें उरलेंच नसतें, कारण एकाच हौदांतील पाण्यावर लाट पसरण्यास अडथळा कसला?

परंतु या समजुतीला बाध आणणारी एक गोष्ट फार पूर्वीच दिसून आली होती. थिओडोर एंगेलमान यांनीं १८७० नंतरच्या दशकांत असें पाहिलें कीं, हृदयाचा एखादा भाग कापला वा चिरडला, तर तेथील पेशी मरतात, पण शेजारच्या पेशींवर त्या इजेचा परिणाम फार वेळ टिकत नाहीं. थोड्याच अवधींत त्या पूर्ववत् होतात. हौद एकच असेल, तर त्याला एके जागीं पडलेलें भोंक सारें पाणी वाहून नेईल. येथें तसें होत नव्हतें. म्हणजे हृदयाच्या पेशी जगतांना एकत्र जगतात, परंतु मरतांना एकएकट्या मरतात. अर्थात् त्यांच्यामध्यें कोठें तरी सीमा असल्याच पाहिजेत. १९५४ सालीं स्यॉस्ट्रँड व अँडरसन यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्यानें त्या सीमा स्पष्टच दाखविल्या. प्रत्येक पेशीच्या टोंकाशीं जी आडवी रेघ दिसत असे, ती दोन स्वतंत्र आवरणांची जोडी निघाली. हृदय ही एक मोठी ओसरी नसून, वेगवेगळ्या भिंतींच्या असंख्य घरांची दाट वस्ती आहे, हें ठरलें.

आतां कोडें अधिकच बिकट झालें. पेशीचें आवरण स्निग्ध पदार्थांचें असतें. शरीरांत वीज वाहते ती तांब्याच्या तारेंतील विजेप्रमाणें वाहत नाहीं. सोडियम, पोटॅशियम इत्यादींचे विद्युद्भार असलेले कण इकडून तिकडे जातात, तोच हा प्रवाह. आणि स्निग्ध आवरणांतून असे कण जाऊं शकत नाहींत. मग दोन आवरणें ओलांडून लाट पलीकडे जाते, ती कोणत्या मार्गानें?

या प्रश्नावर स्वित्झर्लंडांतील बर्न येथील सिल्व्हिओ वाइडमान यांनीं केलेला प्रयोग साधा व निर्णायक आहे. तो १९६६ सालीं प्रसिद्ध झाला. सस्तन प्राण्याच्या हृदयांतील स्नायूची एक बारीक पट्टी घेऊन त्यांनीं ती एका पडद्याच्या छिद्रांतून अशी ओढून बसविली कीं, तिचा अर्धा भाग एका पात्रांत व अर्धा दुसऱ्या पात्रांत रहावा. एका पात्रांत किरणोत्सर्गी पोटॅशियम घातलें. अशा पोटॅशियमचा माग यंत्रानें काढतां येतो. कांहीं तासांनीं पट्टीचे तुकडे करून पाहिलें, तों तें पोटॅशियम पडद्यापलीकडच्या अर्ध्या भागांतहि पेशींच्या आंतून दूरवर पोंचलेलें आढळलें. वाटेंत पेशींच्या कितीतरी सीमा होत्या. त्या सर्व त्यानें ओलांडल्या होत्या. पेशीच्या इतर बाजूंच्या मानानें टोंकाशीं असलेली सीमा हजारों पटींनीं अधिक मोकळी आहे, असें यावरून सिद्ध झालें. भिंत होती, पण तिच्यांत दारें होतीं.

दारें डोळ्यांना दिसलीं तीं पुढल्याच वर्षीं. १९६७ सालीं ज्यां-पॉल रेव्हेल व मॉरिस कार्नोव्हस्की यांनीं उंदराच्या हृदयांतील व यकृतांतील पेशींच्या सांध्यांत लँथनम या धातूचा क्षार भरून त्यांचें चित्र घेतलें. दोन आवरणें एकमेकांना अगदीं चिकटलीं आहेत असें वाटत होतें. प्रत्यक्षांत त्यांच्यामध्यें दोन-तीन नॅनोमीटरांची फट असून तींत धातूचा क्षार शिरला होता. एक मिलिमीटर म्हणजे दहा लक्ष नॅनोमीटर. यावरून त्या फटीची कल्पना करावी. आणि त्या फटींत मधमाशांच्या पोळ्याप्रमाणें षट्कोनी रांगांत मांडलेले असंख्य बारीक खांब दिसत होते. ते खांब पोकळ आहेत, आणि प्रत्येक खांब म्हणजे एका घरांतून दुसऱ्या घरांत जाणारी नळी आहे. या फटीवरूनच अशा सांध्यांना गॅप जंक्शन असें नांव पडलें. आपण त्यांना संधिद्वारें म्हणूं.

संधिद्वाराची रचना समजण्यास आपल्या गांवांतील जुन्या वस्तीचें उदाहरण उपयोगी पडेल. दोन घरें जवळ जवळ आहेत, प्रत्येकाची भिंत स्वतःची आहे, आणि मध्यें एक अरुंद बोळ आहे. दोघांनीं ठरविलें कीं, एका घरांतून दुसऱ्यांत पाणी जाण्यास नळ असावा. पहिला आपल्या भिंतींतून अर्धा नळ बोळांत काढतो, दुसरा आपल्या भिंतींतून उरलेला अर्धा काढतो, आणि दोन्ही तोंडें बोळाच्या मध्यावर अशीं घट्ट जुळतात कीं, थेंबभरहि पाणी बाहेर सांडूं नये. संधिद्वार असेंच आहे. कनेक्झिन नांवाच्या प्रथिनाचे सहा रेणु आवरणांत वर्तुळाकार उभे राहून अर्धी नळी करितात. शेजारची पेशी आपल्या सहा रेणूंची दुसरी अर्धी नळी पुढें करिते. दोन्ही मिळून बारा रेणूंची एक अखंड नळी होते. म्हणजे कोणत्याहि पेशीला एकटीनें दार उघडतां येत नाहीं. दोन्ही शेजाऱ्यांनीं आपापला अर्धा भाग द्यावा, तेव्हांच वाट तयार होते.

मनुष्याच्या शरीरांत कनेक्झिनचे सुमारें एकवीस प्रकार आहेत. हृदयांत सर्वांत विपुल असणारा प्रकार एरिक बेयर, डेव्हिड पॉल व डॅनिएल गुडइनफ यांनीं १९८७ सालीं उंदराच्या हृदयावरून उलगडून दाखविला. त्याच्या रेणूचें वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारें ४३ हजार पट असल्यामुळें त्याला कनेक्झिन ४३ म्हणतात. ३८२ अमिनो आम्लें एकापुढें एक गुंफून त्याची सांखळी झालेली आहे, आणि ती सांखळी आवरणांतून चार वेळां आरपार जाते. नळीची आंतील रुंदी एक ते दीड नॅनोमीटर भरते. पोटॅशियमचे कण, पाणी, साखरेसारखे लहान रेणु तींतून जातात. मोठीं प्रथिनें जाऊं शकत नाहींत. शेजाऱ्यांमध्यें मीठ व पाणी यांची देवघेव चालते, पण घरांतील मोठें सामानसुमान ज्याचें त्याच्याकडेच राहतें.

आतां आज्ञा कशी जाते तें पाहूं. विश्रांतीच्या वेळीं स्नायुपेशीची आंतली बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ९० मिलिव्होल्टांनीं ऋण असते. पेशीच्या बाहेरील आवरणांत सोडियमचीं निराळीं दारें असून तीं बंद असतात. पेशी उत्तेजित झाली म्हणजे तीं उघडतात, सोडियमचे धनभारित कण आंत घुसतात, आणि आंतली बाजू क्षणभर धन होते. या धनभाराचा कांहीं अंश संधिद्वारांतून शेजारच्या पेशींत जातो. तेथील ऋणता थोडी कमी झाली कीं, त्या पेशींतील सोडियमचीं दारें आपण होऊन उघडतात, आणि ती पेशी तिसरीला हीच गोष्ट कळविते. येथें दोन प्रकारच्या दारांचा घोटाळा करूं नये. सोडियमचीं दारें बाहेरच्या बाजूला उघडतात व पेशीला जागें करितात. संधिद्वारें शेजाऱ्याकडे उघडतात व ती जाग पुढें पोंचवितात. आग विझवितांना विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून हातोहात बादल्या देतात, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच कीं, येथें प्रत्येक जण आपली बादली पुन्हा स्वतः भरून घेऊन पुढें देतो. म्हणूनच हजारों पेशी ओलांडल्यावरहि लाट क्षीण होत नाहीं.

लाटेची गति मात्र सर्वत्र सारखी नसते, आणि या प्रकरणांतील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट हीच आहे. वाटेच्या शेवटच्या तंतूंत लाट सेकंदास दोन ते चार मीटर वेगानें धांवते. हे तंतु जाड असून तेथील संधिद्वारांत कनेक्झिन ४० हा प्रकार विपुल असतो. त्याच्या नळींतून विद्युद्भार फार सुलभतेनें जातो. जवनिकांच्या स्नायूंत कनेक्झिन ४३ असतो, व तेथें वेग सेकंदास सुमारें अर्धा मीटर असतो. मधल्या गांठींत मात्र लाट अगदीं रेंगाळते; तेथें वेग सेकंदास सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे शेवटच्या तंतूंतील वेगाच्या चाळिसाव्या भागाहूनहि अधिक नाहीं! तेथील पेशी बारीक असतात, त्यांच्यांत सोडियमचीं दारें थोडीं असतात, संधिद्वारेंहि विरळ असतात, आणि जीं असतात तीं बहुतांशीं कनेक्झिन ४५ या अरुंद वाटेच्या प्रकारचीं असतात.

हा उशीर दोष आहे काय? मुळींच नाहीं. कर्णिकांनीं आपलें रक्त जवनिकांत ओतण्यास वेळ लागतो. लाट मधल्या गांठींत सुमारें सेकंदाचा दहावा भाग थांबते, तेवढ्यांत हें काम उरकतें. मग पुढें ती विजेच्या वेगानें सर्व जवनिकांवर पसरते, आणि सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागांतच दोन्ही जवनिका जाग्या होतात. लाट सर्वत्र एकाच वेगानें धांवली असती, तर वरचे व खालचे कप्पे जवळ जवळ एकाच वेळीं आवळले असते व रक्त पुढें सरलें नसतें. दवाखान्यांत हृदयाचा जो विद्युत्-आलेख कागदाच्या पट्टीवर काढतात, तो घरांतील वडील मंडळींपैकीं कोणाचा असल्यास पाहावा. प्रथम एक लहान उंचवटा दिसतो, तो कर्णिकांचा. मग किंचित् सपाट जागा. मग उंच टोंकदार शिखर, तें जवनिकांचें. उंचवट्याच्या आरंभापासून शिखराच्या आरंभापर्यंत निरोगी माणसांत ०.१२ ते ०.२० सेकंद जातात. ती सपाट जागा म्हणजे मुख्यतः मधल्या गांठींतील थोडक्या व अरुंद दारांची सही होय.

आद्य गांठींतहि संधिद्वारें थोडींच असतात, आणि त्याचेंहि कारण आहे. गांठ लहान, कर्णिका मोठी. दोघींमध्यें पुष्कळ दारें उघडीं असतीं, तर गांठींत जमणारा विद्युद्भार मोठ्या कर्णिकेंत वाहून गेला असता व गांठीला ठोका देणेंच अशक्य झालें असतें. वाऱ्यांत लावलेल्या पणतीला आडोसा लागतो, तसा या गांठीला थोडक्या दारांचा आडोसा लागतो. दारें सर्वत्र पुष्कळ असावींत असें नाहीं. जेथें जितकीं हवींत तेथें तितकीं असावींत. त्यांची जागाहि ठरलेली असते. स्नायुपेशी लांबट असून तिचीं बहुतेक संधिद्वारें टोंकांकडे एकवटलेलीं असतात. त्यामुळें लाट तंतूच्या लांबीच्या दिशेनें आडव्या दिशेपेक्षां दुपटीतिपटीनें लवकर जाते, व आकुंचनाला शिस्त येते.

हीं दारें मिटूंहि शकतात. एंगेलमान यांनीं पाहिलेल्या नवलाचा खुलासा येथें होतो. पेशी मरूं लागली म्हणजे तिच्यांत कॅल्शियमचे कण बेसुमार वाढतात व आम्लता वाढते. ही स्थिति होतांच शेजारणीकडील संधिद्वारें मिटूं लागतात. एका घराला आग लागली असतां शेजाऱ्यानें मधलें दार लावून घ्यावें, तसें हें आहे. तीं उघडीं राहिलीं असतीं, तर एका पेशीचा नाश पुढें पुढें पसरत गेला असता.

परंतु याच दारांच्या मिटण्यांत एक मोठें संकटहि आहे. हृदयाला रक्त पुरविणारी एखादी धमनी गुठळीनें बंद झाली, म्हणजे तिच्या प्रदेशांतील लक्षावधि पेशींचा प्राणवायु तुटतो. सामान्य भाषेंत याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. कांहीं पेशी मरतात, कांहीं अर्धमेल्या होतात. कोठें दारें मिटतात, कोठें तीं टोंकांकडून सरकून पेशीच्या बाजूंना विखुरतात. मग येणाऱ्या लाटेला सरळ वाट मिळत नाहीं. ती एका अंगानें अडते, दुसऱ्या अंगानें मंदगतीनें वळसा घेते, आणि वळसा पुरा करून येईपर्यंत मूळ जागेच्या पेशी पुन्हा जाग्या होण्यास सिद्ध झालेल्या असतात. झालें! लाट स्वतःच्याच शेपटामागें फिरूं लागते. अशा भोंवऱ्यांतून अनेक भोंवरे उत्पन्न झाले, म्हणजे जवनिकांची प्रत्येक पेशी आपापल्या परी थरथरते, पण सारें हृदय मिळून एकहि ठोका देत नाहीं. स्नायूंत बळ असतें, रक्तहि असतें. मेळ मात्र मोडलेला असतो. कांहीं सेकंदांत मनुष्य बेशुद्ध होतो, आणि मदत न मिळाल्यास थोड्याच मिनिटांत मृत्यु ओढवतो. झटक्यानंतर ठोका बिघडण्याचीं इतरहि कारणें आहेत. परंतु दारांचा हा बिघाड त्यांतील एक महत्त्वाचें कारण आहे.

केवळ दारांच्या अभावानें असें घडूं शकतें, याचा पुरावा २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें मिळाला. शास्त्रज्ञांनीं असे उंदीर तयार केले कीं, ज्यांच्या हृदयाच्या स्नायूंत कनेक्झिन ४३ नसावें. त्या उंदरांचें हृदय रचनेनें नीट होतें, तें आवळतहि नीट होतें. परंतु त्यांतील लाटेची गति बरीच मंदावलेली होती, आणि दोन महिन्यांच्या आंत ते सर्व उंदीर ठोका एकाएकीं बिघडून मेले. प्रत्येक पेशी धडधाकट असूनहि केवळ शेजारधर्म तुटल्यामुळें हृदय कसें बंद पडतें, तें यावरून कळतें.

म्हणून या ज्ञानाचा घरोघर उपयोग आहे, आणि तो पालकांनीं मनावर घ्यावा अशी विनंति आहे. छातीच्या मध्यभागीं दाबल्यासारखें दुखूं लागलें, वेदना डाव्या हाताकडे वा जबड्याकडे जाऊं लागली, दरदरून घाम सुटला, तर ‘पित्त झालें असेल’ म्हणून सकाळची वाट पाहूं नये. ठोका बिघडण्याचें भय पहिल्या कांहीं तासांतच सर्वांत अधिक असतें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका मागवावी. मनुष्य कोसळला, हांकेला ओ देत नाहीं व नीट श्वासहि घेत नाहीं असें दिसल्यास, मदत येईपर्यंत त्याच्या छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल, जोरानें दाबत रहावें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनींहि हें शिकून घेण्यासारखें आहे. पुढें वैद्य जो विजेचा धक्का देतात, त्याचा हेतु हृदयाला जोर देण्याचा नसतो. भरकटलेल्या सर्व पेशींना एकदम थांबवावें, आणि मग आद्य गांठीनें मेळ पुन्हा सुरू करावा, इतकाच तो हेतु असतो.

संधिद्वारें एकदां बांधलीं म्हणजे जन्मभर पुरलीं, असेंहि नाहीं. कनेक्झिन ४३ चे निम्मे रेणु एक ते पांच तासांत मोडून जातात व त्यांच्या जागीं नवे येतात. आज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं आपल्या हृदयांत जीं दारें होतीं, त्यांतील बहुतेक उद्यां सकाळीं असणार नाहींत. तरीहि मेळ क्षणभरहि थांबलेला नसेल. पेशी आपलीं दारें दिवसरात्र नवीं करीत असतात.

शेवटीं एक साधें निरीक्षण सांगून हा लेख पुरा करितों. कोंबडीच्या अंड्यांत वाढणाऱ्या पिलाच्या हृदयांतील पेशी सुट्या करून कांचेच्या बशींत पोषक द्रवांत ठेविल्या, तर त्यांतील पुष्कळ पेशी एकएकट्याहि स्पंदन पावत राहतात. पण कोणी शीघ्र, कोणी मंद, जिचा तिचा ठोका वेगळा. पुढें त्या वाढत वाढत एकमेकींना भिडतात. भिडल्यावर दोघींच्या अर्ध्या अर्ध्या नळ्या जुळून दारें तयार होतात, आणि कांहीं वेळानें सूक्ष्मदर्शकांतून पाहणाऱ्याला त्या दोघी एकाच ठोक्यानें हालतांना दिसतात. मग तिसरी मिळते, मग चौथी. असें होत होत बशींतील सारा पुंज एकतालांत धडधडूं लागतो. कोणा एकीनें दुसरीवर बळ केलेलें नसतें. प्रत्येकीनें आपल्या भिंतींत अर्धें दार उघडलेलें असतें, व शेजारणीनें उरलेलें अर्धें दिलेलें असतें. वाचकांनीं क्षणभर आपल्या मनगटावर बोटें ठेवून नाडी पाहावी. बोटांखालीं जो एक ठोका लागतो, तो अब्जावधि पेशींनीं उघडलेल्या अशा दारांतून आलेला असतो.